दोन्ही घोटे सुजलेत, नडगीवर लाल गाठी, एक्स-रेत छातीतल्या ग्रंथी मोठ्या: टीबी की लोफग्रेन सिंड्रोम?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमची बहीण गुहागरची, वय ३४. तीन आठवडे अधूनमधून ताप, दोन्ही घोटे सुजून चालणं मुश्कील, नडगीवर लाल गाठी, हात लागला तरी कळ येते. चिकुनगुनियाची तपासणी निगेटिव्ह. खोकला नाही, वजन उतरलेलं नाही. छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंच्या ग्रंथी मोठ्या दिसल्या. एक डॉक्टर म्हणाले, टीबीचा कोर्स लगेच सुरू करा. दुसऱ्यांनी चिठ्ठीवर 'लोफग्रेन?' एवढंच लिहून मोठ्या ठिकाणी पाठवलं. तुम्ही विचारताय की ऐकायचं कोणाचं, यात कॅन्सरसारखं काही आहे का, आणि मुंबई गाठायलाच हवी का.

मी सिंधुदुर्गात फिजिशियन आहे. पेशंटला हात न लावता निदान करणं मला पटत नाही, तेव्हा हे उत्तर म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या प्रश्नचिन्हवाल्या डॉक्टरांची शंका रास्त वाटते. टीबीचं औषध आज सुरू करू नका, पण टीबीचा शोध आजच सुरू करा. आणि स्टेरॉइडही आज नको.

आधी आजाराबद्दल. लोफग्रेन हा सारकॉइडोसिस नावाच्या आजाराचा एक प्रकार. सारकॉइडोसिसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी जागोजागी गोळा होऊन बारीक गुठळ्या करतात. मुख्यतः छातीतल्या लसीका ग्रंथींत आणि फुप्फुसात, कधी त्वचेत, डोळ्यात, क्वचित हृदयात. त्या का गोळा होतात याचं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. हा कॅन्सर नाही आणि संसर्गजन्यही नाही, त्यामुळे ताट-पेला वेगळा करू नका. बहुतेकांत हा आजार हळूहळू, गुपचूप येतो. पण एक प्रकार अचानक, तापासकट अंगावर येतो: घोट्यांची सूज, नडगीवरच्या लाल गाठी आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंना सारख्या वाढलेल्या ग्रंथी. स्वेन लोफग्रेन या स्वीडिश डॉक्टरांनी १९४६ ते १९५३ या काळात हे चित्र नीट मांडलं, म्हणून त्यांचं नाव. स्वीडनमध्ये हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो, आपल्याकडे विरळा. म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरच्या डोक्यात तो पहिल्या फटक्यात येत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. (अचानक येणारा आणखी एक प्रकार आहे, हेरफोर्टचा: ताप, गालफुगीसारखी कानाजवळची सूज, डोळ्यांत दाह आणि कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी. तो याहूनही दुर्मीळ आणि तुमच्या वर्णनात तापाखेरीज त्यातलं काही नाही.)

गंमत म्हणजे हे नाटकी रूप सारकॉइडोसिसच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत सौम्य. दहापैकी आठ-नऊ जण दोनेक वर्षांच्या आत पूर्ण बरे होतात, पुष्कळ जण त्याच्या खूप आधी. नडगीवरच्या गाठी महिना-दीड महिन्यात निळसर, मग तपकिरी होत जिरतात, मार लागल्याचा डाग जिरतो तशा, आणि व्रण ठेवत नाहीत. घोट्यांना काही आठवडे ते तीन-चार महिने लागतात. ग्रंथी सर्वांत शेवटी उतरतात.

घरच्यांना हे ऐकून हायसं वाटतं. निदानाच्या बाजूने पाहिलं तर मात्र खरी अडचण इथेच आहे. आपोआप उतरणाऱ्या आजारात तुम्ही जे काही सुरू कराल, ते लागू पडल्यासारखं दिसतं. टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर दोन महिन्यांत सूज जाईल, ताप जाईल, सगळे म्हणतील, बघा, टीबीच होता. मग सहा महिन्यांचा कोर्स, टीबीच्या सरकारी नि-क्षय पोर्टलवर नोंद, घरातल्यांच्या तपासण्या, आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक कागदावर 'टीबी होऊन गेलेला'. काढ्याने बरं वाटलं तर काढ्याचं नाव होईल. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की तपासणी आधी, औषध नंतर. औषध दिल्यावर पेशंट सुधारला, हा या आजारात पुरावा धरता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. जगातल्या टीबी पेशंटांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. छातीत ग्रंथी दिसल्या की टीबीचा विचार पहिला करायचा, हे आपल्याकडे शहाणपणाचंच आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की लोफग्रेनचं चित्र अगदी ठसठशीत असेल तर ग्रंथींचा तुकडा न काढता पुढे जायला हरकत नाही. त्या सूचना मी मानतो, पण त्या लिहिणाऱ्यांच्या ओपीडीत रोज टीबी येत नाही. गुहागरच्या पेशंटला ती सूट मी सहजासहजी देणार नाही. तिकडे तुकडा न काढणं हा सावधपणा ठरतो, इथे कधी कधी घाई ठरते.

मग टीबी आणि सारकॉइड वेगळे कसे ओळखायचे? काही खुणा एक्स-रेपासूनच मिळतात. सारकॉइडमध्ये ग्रंथी बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या आणि गुळगुळीत काठाच्या वाढतात, शिवाय उजवीकडे श्वासनलिकेच्या कडेला एक गट असतो. टीबीत बहुधा एक बाजू जास्त, आणि कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन केला तर गाठीचा मधला भाग मृत, काळपट आणि कडा तेवढी उजळ दिसते. लिम्फोमा, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, मनात ठेवावाच लागतो. तिथे बहुधा छातीच्या पुढच्या भागात गाठींचा गोळा, रात्री कपडे भिजतील असा घाम आणि वजनात घट असते. तुमच्या बहिणीत यातलं काही नाही, ही समाधानाची गोष्ट. सीटी करून घ्या. त्याआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतील, आणि गर्भ राहिल्याची थोडीही शक्यता असेल तर बहिणीने ते आपणहून सांगावं. आपल्याकडे बायका भिडेपोटी हे सांगत नाहीत, आणि विचारणारेही गडबडीत असतात.

मॅन्टू टेस्ट, म्हणजे टीबीसाठी हाताच्या त्वचेत सुई टोचून फुगवटा येतो का ते बघणं, स्वस्त आणि माझ्या मते दुर्लक्षित. सारकॉइडमध्ये ती बऱ्याचदा सपाट राहते, लहानपणी बीसीजी टोचलेलं असलं तरी. उलट टीबीमुळेही नडगीवर अशाच लाल गाठी येऊ शकतात, पण त्या पेशंटांची मॅन्टू बहुधा चांगलीच फुगते. मोठा, कडक फुगवटा आला तर मी सारकॉइडचा विचार मागे सारून टीबी पुन्हा शोधतो. सपाट आली तर टीबी नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

रक्तात दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असतील, त्यावरून काही ठरत नाही. एसीई नावाची एक महागडी तपासणी लिहून दिली जाते. ती वाढलेली निघाली म्हणून सारकॉइड पक्का होत नाही आणि नॉर्मल आली म्हणून बाद होत नाही. शिवाय रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तिचा आकडा खोटा खाली येतो. मला निवड दिली तर ते पैसे मी सीटीवर किंवा डोळ्यांच्या डॉक्टरवर खर्च करेन.

आता तुकड्याबद्दल. पायावरची गाठ हाताला लागते, मग तिचाच तुकडा घ्या, असं घरचे म्हणतात, कधी सर्जनही म्हणतात. त्यातून हाती फारसं येत नाही. या गाठी त्वचेखालच्या चरबीचा दाह आहेत, कारण कोणतंही असो, सूक्ष्मदर्शकाखाली त्या सारख्याच दिसतात. सारकॉइडच्या खऱ्या गुठळ्या त्यात नसतात. गाठी पोटरीच्या मागच्या बाजूला असतील, फुटून जखम होत असेल, तर गोष्ट वेगळी. तो प्रकार टीबीशी जोडलेला असू शकतो आणि तिथे तुकडा घ्यायलाच हवा. तुमच्या बहिणीच्या गाठी पुढे नडगीवर आहेत आणि फुटलेल्या नाहीत, त्यांना सुई-ब्लेड लावू नका.

तुकडा घ्यायचा तर छातीतल्या ग्रंथीचा. त्यासाठी ईबस नावाची तपासणी आहे. तोंडातून श्वासनलिकेत दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, ग्रंथी समोर बघत सुई मारून नमुना घेतात. गुंगीचं औषध देतात, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. दोन दिवस घसा खवखवतो, एवढंच. नमुना दोन भागांत जायला हवा हे आधीच बजावून ठेवा: एक पॅथॉलॉजीकडे, दुसरा टीबीसाठी सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी मशीनची तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघणं). सगळा नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला की कल्चर होत नाही, आणि पेशंटला पुन्हा तीच दुर्बीण. सीबीनॅटचं उत्तर मशीनवर दोन तासांत येतं. कल्चरला सहा आठवडेही लागतात, ते येईपर्यंत धीर धरावा लागतो. पॅथॉलॉजिस्टने 'नॉन-केसिएटिंग ग्रॅन्युलोमा' लिहिलं, म्हणजे गुठळ्या आहेत पण त्यांच्या पोटात टीबीसारखा चीजसारखा कुजका भाग नाही, सीबीनॅट निगेटिव्ह आलं आणि पायांचं हे चित्र सोबतीला असलं, तर लोफग्रेन म्हणायला मला काही अडचण नाही.

ईबस प्रत्येक ठिकाणी होत नाही. तुम्ही आधी चिपळूणला छातीच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मेडिसिन आणि चेस्ट दोन्ही विभागांत. सीटी, मॅन्टू, रक्त, डोळे, ईसीजी एवढं जवळपास होऊन जातं. ईबससाठी पुणे-मुंबई करावी लागली तर हे सगळे कागद हातात घेऊन जा, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात होत नाही. सुजलेल्या घोट्यांनी एसटीचा रात्रीचा प्रवास करायला लावू नका, निदान पाय वर ठेवता येतील अशी गाडी बघा.

आपल्या भागातल्या बाकीच्या शक्यता भराभर सांगतो, कारण डॉक्टर त्या विचारतीलच. पावसाळ्यात असं काही सुरू झालं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस): पोटऱ्या पिळल्यासारख्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि तो दिवसांत वाढतो, तीन आठवडे रेंगाळत नाही. स्क्रब टायफसमध्ये अंगावर कुठेतरी, काखेत किंवा जांघेत, काळी खपली शोधायची. शेजारीपाजारी 'हत्तीपाय तर नाही ना' म्हणतात, पण तापासकट दोन्ही घोटे एकदम आणि सोबत नडगीच्या गाठी, हे चित्र फायलेरियाचं नाही. कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्येही दुखऱ्या लाल गाठी येतात आणि तो आजार कोकणात संपलेला नाही. त्या गाठी हातांवर, चेहऱ्यावरही येतात आणि कुठेतरी बधिर चट्टा किंवा जाड झालेली नस सापडते. अंगभर नीट बघायला दहा मिनिटं लागतात, ती दिली पाहिजेत. गेल्या काही महिन्यांत घसा सुजला होता का, सल्फाच्या गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, हेही सांगा. नुसत्या गाठींची ती कारणं असू शकतात, छातीतल्या ग्रंथींची मात्र नव्हेत.

घोट्यांबद्दल एक. आमच्याकडे पेशंट म्हणतात, "सकाळी उठलंय तर पाय भुयेर टेकूक जमणा नाय." हा सांध्याच्या आतला वात नसतो, बराचसा सांध्याभोवतीचा दाह असतो. म्हणून संधिवातासाठी करतात त्या आरए फॅक्टर आणि यूरिक अ‍ॅसिडच्या तपासण्या बहुधा काही दाखवत नाहीत आणि सांधा कायमचा बिघडत नाही. पुरुषांत घोटे पुढे आणि गाठी कमी, बायकांत गाठी जास्त, असा कल आहे. 'पाय दुखतो' म्हणून आलेल्या माणसाची छाती कोण बघणार? तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला यासाठी त्यांचे आभार माना, नाहीतर अजून तीन आठवडे निरगुडीचा शेक चालला असता. शेकाला माझा विरोध नाही, बरं वाटतं तर घ्या, फक्त गाठींवर चोळू नका.

उपचार. टीबीची तपासणी मार्गी लागेपर्यंत साध्या वेदनाशामकांवर भागवायचं. नेप्रोक्सेन किंवा इंडोमेथॅसिन, जेवणानंतर, पोटाचं संरक्षण देऊन. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल, किंवा लेप्टो-डेंग्यूची शंका शिल्लक असेल, तर ती नाहीत, पॅरासिटामॉलवर थांबायचं. पाय उशीवर उंच, घोट्याला क्रेप बँडेज. पुष्कळांचं एवढ्यावर निभावतं. काहींना कोल्चिसिनचा उपयोग होतो, जुलाब लागले की मात्रा कमी करायची. एवढं करूनही चालता येत नसेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, दिवसाला १५-२० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून काही आठवड्यांत उतरवत न्यायचं. ते मध्येच तोडायचं नाही.

स्टेरॉइडने दोन दिवसांत पेशंट उभा राहतो, म्हणूनच ते लवकर देण्याचा मोह होतो. पण खाली टीबी असेल तर तो भडकतो. लिम्फोमा असेल तर गाठी आक्रसतात आणि तुकड्यात काही सापडत नाही. तुम्ही लिहिलंय की गावात एकांनी 'सुजेची पुडी' दिली होती आणि त्याने चार दिवस छान वाटलं. त्या पुडीत काय होतं ते विचारून घ्या आणि पुढच्या डॉक्टरांना सांगा. नाव नसलेल्या बारीक गोळ्यांनी सूज जादूसारखी उतरली की मला पहिली शंका डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची येते.

टीबीच्या गोळ्यांबद्दलही एक तांत्रिक बाब घरच्यांना माहीत हवी. पायरॅझिनामाइडने यूरिक अ‍ॅसिड वाढतं आणि सांधे दुखतात. एथॅम्ब्युटॉल डोळ्यांवर परिणाम करू शकतं. रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोनचा जोर घटतो. म्हणजे लोफग्रेनला चुकून टीबी समजलं तर सांधे आणि डोळे दोन्हींत गोंधळ, आणि नंतर स्टेरॉइड दिलं तरी कमी पडतं. तपासणीत टीबी सिद्ध झाला तर मात्र याच गोळ्या, सरकारी केंद्रातून मोफत, एकही दिवस न चुकवता. तिथे मग माझं वरचं काही सांगून टाळाटाळ करू नका.

दोन गोष्टी राहून जातात. पहिली, डोळे. दिसायला चांगलं असलं तरी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्यायचेच, कारण आतला दाह सुरुवातीला कळत नाही. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी. ईसीजी एकदा काढा. छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणं झालं तर हृदयाच्या डॉक्टरांकडे थेट.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. बायकांचे पाय दुखायला लागले की व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची सॅशे आणि कॅल्शियमच्या गोळ्या कुणीही देतं. सारकॉइडच्या गुठळ्या स्वतःच व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप तयार करतात, त्यामुळे रक्तात कॅल्शियम वाढू शकतं, मुतखडा होऊ शकतो, किडनीवर ताण येऊ शकतो. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी दिसतं आणि प्रत्यक्षात सक्रिय रूप भरपूर असतं, अशी ही फसगत. तेव्हा रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघितल्याशिवाय ही सॅशे बंद. मासे, दूध, नाचणी खाण्यातून आलेल्या कॅल्शियमला घाबरायला नको, कॅल्शियम वाढलेलंच निघालं तर डॉक्टर वेगळं सांगतील.

पथ्याचं तुम्ही विचारलंय. आजाराला म्हणून पथ्य नाही. मासे बंद, आंबट बंद, कोकम बंद, असलं काही नाही. स्टेरॉइड सुरू झालं तर मीठ जपायचं, म्हणजे सुकट, बांगड्याचं खारं, लोणचं, पापड हात राखून, आणि साखर तपासत राहायची. आंब्याच्या दिवसांत दोन फोडींवर थांबणं गुहागरकराला शिक्षाच आहे, पण गोळ्या चालू असेपर्यंत एवढं पाळावं.

बरं वाटलं की पेशंट येत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव. ग्रंथी उतरल्या की नाहीत हे पाय दुखायचे थांबल्यावरही बघावं लागतं: तीन ते सहा महिन्यांनी एक एक्स-रे, मग वर्षाने. ग्रंथी वाढल्या, दम लागू लागला किंवा खोकला सुरू झाला तर आधीच. तुलनेसाठी आजची फिल्म लागते, रिपोर्टचा कागद पुरत नाही. किनाऱ्यावरच्या घरांत पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटून खराब होतात, तेव्हा सेंटरवरून सीडी मागून घ्या आणि सीटीच्या चित्रांची एक प्रत भाच्याच्या लॅपटॉपमध्ये टाकून ठेवा.